कापसाची गाठ आणि बोरघाटाची उतरण

परवाच्या शनिवारी लॅपटॉप मुद्दाम घरी ठेवून खंडाळ्याला गेलो. कशाला, ते सांगितलं तर हसाल. मालगाड्या बघायला! बरोबरची मंडळी धबधब्यापुढे फोटो काढत होती आणि मी त्यांच्याकडे पाठ करून दरीतल्या रुळांकडे बघत बसलो होतो. तासाभराने एक चढणारी मालगाडी आली. पुढे इंजिनं, मागून ढकलायला बँकर, आणि वेग असा की शेजारून चालणारा माणूस गप्पा मारत सोबत करेल. डबे मोजायला घेतले, चाळिसाच्या आसपास गणती चुकली. दोन्ही वेळा.

हे वेड सोलापूरचं. आमच्या गल्लीत एक निवृत्त गार्डकाका होते. (२०२२ पासून रेल्वे गार्डना 'ट्रेन मॅनेजर' म्हणते. आमच्या ऑफिसची हवा तिकडेही लागली म्हणायची.) नोकरीची बरीच वर्षं लोणावळ्याला काढून ते सोलापूरला परतले होते. मी बँकरबद्दल फार विचारायला लागलो की वैतागायचे. "चढणाऱ्या गाडीचं काय कवतिक करालास बे? नाही चढली तर थांबंल. उतरणारी बघ. ती नाही थांबली तर?"

तेव्हा हे काही डोक्यात शिरलं नव्हतं. सोलापूर सपाट. चढ म्हणजे काय तर रेल्वेचा पूल! बोरघाटात मात्र सदतीस मीटर पुढे गेलं की एक मीटर वर, असा चढ आहे. लोखंडी रुळावर लोखंडी चाकासाठी हे भयंकरच. गंमत म्हणजे घाट चढणारी गाडी रेल्वेच्या भाषेत 'डाऊन' आणि उतरणारी 'अप', कारण सगळं मुंबईवरून मोजायचं.

काकांचं म्हणणं पटलं ते इतिहास वाचायला लागल्यावर. आपल्याला शाळेत १८५३ ची बोरीबंदर-ठाणे गाडी शिकवतात, जणू साहेबाने ती लोकांना फिरवायला काढली होती. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेच्या डोळ्यांसमोर होता तो दख्खनचा कापूस. हा कापूस लमाणांच्या बैलांच्या पाठीवरून, आणि १८३० मध्ये बोरघाटाचा गाडीरस्ता झाल्यावर बैलगाड्यांतून, खाली पनवेलकडे जायचा. वाटेत भिजायचा, धुळीने माखायचा, आणि लँकेशायरचे गिरणीवाले कुरकुर करायचे. म्हणजे भरलेला माल कुठल्या दिशेने जाणार होता? खाली! घाट बांधला तोच मुळात उतरणीसाठी.

आता यातला मला सगळ्यात आवडणारा भाग. १८५६ मध्ये खालून रेल्वे खोपोलीपर्यंत आली. १८५८ मध्ये वर खंडाळा ते पुणे गाडी सुरू झाली. १८६० मध्ये तीच लाईन आमच्या सोलापुरात पोचली. आणि घाट? तो व्हायचाच होता. म्हणजे खाली एक रेल्वे, वर दुसरी रेल्वे, आणि मध्ये सह्याद्री! सोलापुरात गाडीत चढवलेली कापसाची गाठ खंडाळ्याला उतरवायची, बैलगाडीत घालायची, घाटरस्त्याने खोपोलीला आणायची आणि पुन्हा वाघिणीत भरायची. प्रवाशांचीही तीच गत, फक्त त्यांना पालखीची सोय. दोन सिस्टिम लाईव्ह झाल्या आहेत आणि मधला इंटरफेस कोणीतरी हाताने चालवतंय, हे दृश्य आपल्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिलं असेल. पुढे १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी पेटली, तिकडचा कापूस लिव्हरपूलला यायचा थांबला, आणि या मधल्या तुकड्याची घाई एकदम वाढली.

त्या तुकड्याची किंमत मात्र बैलगाड्यांच्या भाड्यात मोजता येत नाही. काम १८५६ मध्ये सुरू झालं. फॅव्हिएल नावाच्या कंत्राटदाराच्या माणसांनी मजुरी थकवली, त्यावरून १८५९ मध्ये दंगा झाला, मग त्याने कंत्राटच सोडलं. त्याच वर्षी सॉलोमन ट्रेडवेल विलायतेहून आला आणि काही दिवसांतच आजारी पडून वारला. त्याची बायको अ‍ॅलिस हिने दोन इंजिनिअर हाताशी धरून काम पुरं करवून घेतलं. (हिच्यावर अजून कोणी सिनेमा कसा काढला नाही?) १८६१ च्या जानेवारीत घाटात बेचाळीस हजारांवर मजूर होते. कड्यावरून दोराने लोंबकळत सुरुंगाची भोकं पाडायची, रात्री झोपडीत पटकीची वाट बघायची. मेले ते हजारोंनी. मुख्य इंजिनिअर बर्कलीचं नाव पुस्तकात मिळतं, ट्रेडवेलबाईचंही मिळतं, या मजुरांची नावं नाहीत. घाटरस्त्यावर शिंग्रोबाचं देऊळ आहे, साहेबाला वाट दाखवणाऱ्या धनगराचं. साहेबाने वाट कळल्यावर त्याला गोळी घातली म्हणतात. दंतकथाच ती. बर्कलीच्या लोकांनी घाटाची मोजणी वर्षानुवर्षं केली होती. पण लोकांनी ही गोष्ट दीडशे वर्षं धरून ठेवली, ती उगाच नसावी.

२१ एप्रिल १८६३ ला घाट उघडला. पंचवीस बोगदे, आठ मोठे पूल. एका ठिकाणी वळायला जागाच नाही म्हणून 'रिव्हर्सिंग स्टेशन' केलेलं. गाडी कड्याच्या टोकाशी जाऊन थांबायची, इंजिन दुसऱ्या बाजूला लागायचं आणि गाडी उलट दिशेने निघायची. थांबायची, म्हणजे थांबणं अपेक्षित होतं. जानेवारी १८६९ मध्ये एक उतरणारी गाडी थांबली नाही. ब्रेकना न जुमानता ती टोक ओलांडून गेली. हे स्टेशन १९२९ मध्ये, घाटात वीज आली आणि नवा मार्ग झाला, तेव्हा सुटलं. मग आली स्वित्झर्लंडची ती डुलत चालणारी इंजिनं, ज्यांना आपल्या लोकांनी 'खेकडा' नाव दिलं.

घाटातली खरी हुशारी मला वाटते ती कॅच सायडिंगची. उतरणाऱ्या गाडीपुढचा सांधा मुळातच बाजूच्या, चढावर जाऊन संपणाऱ्या रुळाकडे लावलेला असतो. गाडीने आधी पूर्ण थांबून दाखवायचं, म्हणजे ती ड्रायव्हरच्या ताब्यात आहे हे सिद्ध होतं. मगच सांधा मुख्य लाईनला लागतो. आधी संशय, मग परवानगी! आताच्या थ्री-फेज इंजिनांत उतरताना मोटरच जनित्र होते आणि वीज तारेत परत जाते, पण थांबून दाखवणं काही चुकलेलं नाही.

सोलापूरहून सिद्धेश्वरने मुंबईला जाताना पहाटे घाटात गाडी थांबते. पूर्वी मी कूस बदलून, काय कटकट आहे, म्हणायचो. गेल्या खेपेला उठून दारात गेलो. बाहेर मिट्ट काळोख, रातकिडे, ब्रेक तापल्याचा वास. शेजारच्या रुळावरून एक मालगाडी चढत होती, तिची धडधड पायांखाली येत होती. तिचा शेवटचा बँकर गेला, आणि जरा वेळाने आम्हाला सिग्नल मिळाला.