लोकनायक अणे आणि यवतमाळचे दिवस

शाळेनें काढून टाकलेल्या मुलाचें पुढें काय होतें, हा प्रश्न आम्ही शिक्षक मंडळी सहसा स्वतःस विचारीत नाहीं. दाखल्यावर शेरा मारला कीं आमचें काम संपतें. परंतु वऱ्हाडच्या सार्वजनिक जीवनाचा इतिहास लिहावयाचा तर तो याच प्रश्नापासून सुरू करावा लागेल, असें आम्हांस वाटतें.

१९०७ सालीं निघालेल्या रिस्ले परिपत्रकानें विद्यार्थ्यांस राजकीय चळवळींत भाग घेण्याची मनाई केली आणि त्यांना आवरण्याचें काम शाळांवरच टाकलें. नागपूरच्या नील सिटी हायस्कुलांतील मुलांनीं तपासणीस आलेल्या अधिकाऱ्यापुढें 'वंदे मातरम्'चा घोष केला. क्षमा मागण्यास नकार देणारा केशव हेडगेवार नांवाचा विद्यार्थी शाळेबाहेर पडला, आणि त्याला आश्रय मिळाला तो यवतमाळास, तपस्वी बाबासाहेब परांजपे यांच्या विद्यागृहांत. हें राष्ट्रीय शिक्षणाचें घर सरकारी रोषामुळें लवकरच बंद पडलें. तें थोडेच दिवस चाललें खरें, पण सरकारी शाळांनीं ज्यांना 'बिघडलेले' ठरविलें त्या मुलांना तेथें कोणी बिघडलेले मानीत नव्हतें. आमच्या मतें त्या संस्थेचें सारें महत्त्व एवढ्यांतच आहे.

याच सुमारास, १९०८ मध्यें, माधव श्रीहरि अणे यांनीं यवतमाळास वकिली सुरू केली. त्यांचा जन्म १८८० चा, याच जिल्ह्यांतील वणी गांवचा. वकील होण्यापूर्वी त्यांनीं अमरावतीच्या एका खाजगी हायस्कुलांत कांहीं वर्षें शिक्षकी केली होती. त्यांच्या चरित्रांत या काळाचा उल्लेख एका ओळींत उरकला जातो. आम्हांस मात्र हा शिक्षक त्यांच्या अंगांतून शेवटपर्यंत गेला नाहीं असें दिसतें. टिळकांचे ते निष्ठावंत अनुयायी, परंतु शिष्यानें गुरूचें केवळ अनुकरण करावें हें त्यांना मान्य नव्हतें. गांधीजींशीं तर त्यांचे मतभेद उघड होते, आणि तरीहि लढ्याची हांक आली तेव्हां ते मागें राहिले नाहींत.

१९३० सालीं मिठाचा सत्याग्रह सर्वत्र पेटला, पण वऱ्हाडाला समुद्र कोठला? यवतमाळ जिल्ह्यांत समुद्राची जागा जंगलानें घेतली. ज्या रानांतलें गवत आणि सरपण यांवर शेतकऱ्याचीं गुरें व चूल चालावयाची, तेंच रान राखीव म्हणून त्याला बंद झालें होतें. १० जुलै रोजीं पुसदजवळ अणे यांनीं सरकारी जंगलांतील गवत कापलें व सहा महिन्यांची शिक्षा पत्करली. पन्नाशीला टेकलेला, मध्यवर्ती कायदेमंडळांत वावरलेला नामांकित वकील विळा हातीं घेऊन रानांत शिरतो, हें दृश्य पाहून गांवोगांवच्या तरुणांस काय वाटलें असेल त्याची कल्पना करावी. त्यानंतर थोड्याच दिवसांनीं, २१ जुलैला, यवतमाळच्या जंगल सत्याग्रहांत आणखी एक तुकडी उतरली. तिच्यांत डॉक्टर हेडगेवार होते. शाळेनें काढलेला मुलगा ज्या गांवीं आश्रयास आला होता, त्याच गांवीं तो बावीस वर्षांनीं तुरुंगांत जाण्यासाठीं परत आला. तोंपर्यंत १९२५ सालीं त्यानें स्वतःची संघटना उभी केली होती. तिच्याविषयीं वाचकांचीं मतें भिन्न असतील, पण हा योग इतिहासकारानें टाळून चालणार नाहीं.

अण्यांच्या आयुष्यांतील सर्वांत कठीण काळ आला तो १९४२ मध्यें. १९४१ सालीं त्यांनीं व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळांत जागा स्वीकारली होती. तिच्याबद्दल त्यांना पुष्कळ बोल लागले. ऑगस्टांत चांदा जिल्ह्यांतील चिमूर येथें उठाव झाला आणि त्यामागोमाग जें दमन झालें त्याच्या चौकशीसाठीं प्राध्यापक भनसाळी हे दिल्लीस अण्यांच्याच दारापुढें उपोषणास बसले. आपल्याच मुलखांतील गाऱ्हाणें दाराशीं यावें आणि सत्तेच्या खुर्चीवर असूनहि तें मिटवितां येऊं नये, याहून मोठी कुचंबणा कोणती? येथें अण्यांचा पक्ष घेणें आम्हांस कठीण जातें. भनसाळींचें उपोषण त्रेसष्ट दिवस चाललें व जानेवारी १९४३ मध्यें सुटलें. फेब्रुवारींत गांधीजींनीं उपवास आरंभिला तेव्हां मात्र अण्यांनीं, नलिनीरंजन सरकार व होमी मोदी यांच्यासह, जागेचा राजीनामा दिला. तो तीन महिने आधीं यावयास हवा होता असें म्हणणारे त्या वेळींहि होते; आम्हीहि त्यांतलेच. चिमूर-आष्टी प्रकरणांतील तरुणांच्या फांशीच्या शिक्षा रद्द होण्यास पुढें १९४५ साल उजाडावें लागलें.

नंतरचा पट थोडक्यांत सांगतां येतो. सिलोनमध्यें हिंदुस्थानचे प्रतिनिधि, १९४८ ते १९५२ बिहारचे राज्यपाल, आणि उतारवयांत, १९६२ सालीं, नागपूरकरांच्या मतांवर लोकसभेंत. तेथें ते वेगळ्या विदर्भाचा आग्रह धरणाऱ्यांच्या बाजूचे. २६ जानेवारी १९६८ रोजीं ते वारले.

या साऱ्या धामधुमींतून त्यांनीं टिळकांवर संस्कृतांत एक प्रचंड काव्य रचलें, 'श्रीतिलकयशोऽर्णवः'. त्याला १९७३ सालीं साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला, तोपर्यंत कर्ता हयात नव्हता. आमच्या विद्यार्थ्यांस तें काव्य वाचवयास सांगितलें तर ते त्याची जाडी पाहूनच परत ठेवतात.