नारायण आणि श्रीपत

परगावी शिकायला गेलेला मुलगा दिवाळीला घरी पोचला, की खऱ्या अर्थाने दिवाळी सुरू होते. तोपर्यंत फराळाचे डबे भरलेले असले तरी आईचे लक्ष दाराकडेच असते. 1843 सालच्या दिवाळीत मात्र एका ब्राह्मण घराला अशी वाट पाहण्याचीही सोय राहिली नव्हती. थोरला मुलगा जिवंत होता, धडधाकट होता, फार दूरही नव्हता. पण तो घरी येण्याचा प्रश्नच उरला नव्हता. 13 सप्टेंबरला मुंबईत त्याने ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली होती, आणि त्यानंतर जेमतेम दीड महिन्याने घरोघरी पणत्या लागल्या.

या तरुणाचे नाव नारायण शेषाद्री. पुढे जालन्याच्या परिसरात त्याचे नाव मोठे झाले. ती हकीकत सांगेनच. पण मला स्वतःला तिच्या आधीची वर्षे अधिक मोलाची वाटतात. मोठी झालेली माणसे चरित्रात भेटतात. घर नुकतेच सुटलेला तरुण पोर तिथे दोन ओळींत उरकला जातो.

नारायण शिकत होता तो स्कॉटिश मिशनच्या शाळेत. डॉ. जॉन विल्सन यांनी 1832 साली काढलेली ही शाळा. आजचे विल्सन कॉलेज तिच्यातूनच उभे राहिले. इंग्रजी येणाऱ्याला त्या काळी नोकरीचा मार्ग खुला होत असे, म्हणून वडीलमंडळी मनावर दगड ठेवून मुलांना तिथे धाडत. मुलगा गणित शिकेल, भूगोल शिकेल आणि बायबलचा तास एका कानाने ऐकून दुसऱ्याने सोडून देईल, असा त्यांचा हिशेब. 1839 साली धनजीभाई नौरोजी आणि होरमसजी पेस्तनजी या दोन पारशी विद्यार्थ्यांनी धर्मांतर केले, तेव्हा तो हिशेब पहिल्यांदा चुकला. पारशी समाज खवळला, प्रकरण कोर्टात गेले आणि शाळेतली मुले भराभर काढून घेतली गेली. तरी वर्षा-दोन वर्षांत बाके पुन्हा भरू लागली. नोकरीची ओढ काही साधी नव्हे!

1843 साली विल्सन रजेवर स्वदेशी गेले होते. नारायणाला दीक्षा दिली ती रॉबर्ट नेस्बिट यांनी. हे गृहस्थ 1827 साली इकडे आले आणि कोकणात राहून मराठी अशी शिकले, की त्यांच्या अस्सल मराठीचे नवल मराठी माणसांनीच करावे. मला वाटते, नारायणाचे मन वळण्यात या भाषेचा वाटा थोडाथोडका नसेल.

दीक्षेनंतरचे पहिले दिवस कसे असतील? ज्याने ख्रिस्ती माणसाच्या पंक्तीला एक घास घेतला, त्याला घरचा उंबरठा बंद. काही ठिकाणी तर अशा माणसाच्या नावाने घटस्फोट करीत, म्हणजे पाण्याचा घडा लवंडून तो मेला असे धरून चालत. वडिलार्जित मालमत्तेवरचा हक्कही धोक्यात येई. धर्म बदलल्याने वारसा जात नाही असा कायदा झाला तो पुढे 1850 साली. तेव्हा मुलाला राहायला एकच जागा उरे, ती म्हणजे मिशनचे घर. जेवण, झोप, अभ्यास, सारे परक्यांच्या छपराखाली.

आणि त्याच वर्षी ते छप्परही डळमळले. मे 1843 मध्ये स्कॉटलंडच्या चर्चमध्ये मोठी फूट पडली. सरकारच्या आणि जमीनदारांच्या वर्चस्वाला कंटाळून शेकडो पाळक बाहेर पडले व त्यांनी ‘फ्री चर्च’ स्थापन केले. मुंबईचे मिशनरी त्यांनाच जाऊन मिळाले, आणि शाळेसाठी हौसेने बांधलेल्या नव्या इमारतीवर त्यांना पाणी सोडावे लागले. शिष्याने मतासाठी घर सोडले आणि गुरूंनी मतासाठी इमारत सोडली, असा हा विलक्षण योग!

आता श्रीपतची गोष्ट. नारायणाचा हा धाकटा भाऊ, वय अवघे बारा-एक वर्षांचे. दादा जिकडे तिकडे आपण, असे म्हणणारे हे वय. तोही मिशनच्या घरी जाऊन राहिला आणि तिथे जेवला. बाप्तिस्मा अजून झालेला नव्हता. वडिलांनी सुप्रीम कोर्टात हेबिअस कॉर्पसचा अर्ज केला. मुलगा आपल्या इच्छेने आला आहे, असे मिशनचे म्हणणे. न्यायमूर्ती सर अर्स्किन पेरी यांनी ते मानले नाही. मुलगा अज्ञान आहे, त्याचा ताबा बापाचा, असा निकाल झाला आणि श्रीपत वडिलांच्या हवाली करण्यात आला. माझ्या मते निकाल योग्यच होता. विशीतल्या तरुणाने आपला धर्म आपण निवडावा हे समजू शकते; पण बारा वर्षांच्या मुलाला आईबापांपासून दूर ठेवण्यात मिशनऱ्यांची चूकच झाली.

पण घरी आलेल्या मुलाला घर मिळाले का? मिशनमध्ये जेवलेला मुलगा पंक्तीला कसा घ्यायचा, यावरून मुंबईच्या ब्राह्मणांत दोन तट पडले. ‘दर्पण’कार बाळशास्त्री जांभेकर श्रीपतच्या बाजूने उभे राहिले. प्रायश्चित्त देऊन पोराला शुद्ध करून घ्यावे, एवढेच त्यांचे म्हणणे. सनातनी मंडळींनी हा प्रकार धर्मबुडवेपणाचा ठरवला आणि श्रीपतच्या पाठीराख्यांवरच बहिष्काराचे हत्यार उगारले. ज्यांनी ‘आमचे पोर आम्हांला परत द्या’ म्हणून कोर्टापर्यंत ओरड केली, त्यांच्यातल्याच कित्येकांना परत आलेले पोर नकोसे झाले! बाळशास्त्री 1846 साली अकाली वारले. दोन भावांपैकी अधिक एकटा कोण पडला, जो गेला तो की जो परत आला, हे मला आजही सांगता येत नाही.

नारायणाचे शिक्षण मात्र चालू राहिले. अमेरिकेत यूटा राज्यात प्रोव्हो येथे मॉर्मन पंथाच्या तरुण प्रचारकांचे शिक्षणकेंद्र आहे. अठरा-एकोणीस वर्षांची मुले काही आठवडे तिथे राहतात, लागलीच तर परकी भाषा शिकतात आणि दीड-दोन वर्षांच्या कामाला निघतात. आईबाप अभिमानाने निरोप देतात. आठवड्यातून एकदा घरी बोलायची मुभाही आता आहे. या पंथाचे ह्यू फिंडले नावाचे गृहस्थ 1852 साली मुंबईस येऊन पुण्यापर्यंत प्रचार करून गेले होते. या मुलांनाही घरची आठवण छळत असेल, नाही असे नाही. पण त्यांची वाट पाहणारे घर तरी असते. नारायणाची उमेदवारी आठवड्यांची नव्हे, वर्षांची होती. प्रेस्बिटेरियन पंथात पाळक व्हायचे तर हिब्रू आणि ग्रीक शिकावे लागे, धर्मशास्त्र पचवावे लागे, वडीलधाऱ्या पाळकांपुढे कसोटीची प्रवचने द्यावी लागत. 1843 साली दीक्षा घेतलेल्या नारायणाला रेव्हरंड ही पदवी लागली ती 1854 साली. अकरा वर्षे! दुसऱ्याच वर्षी मुंबईच्या पटकीत नेस्बिटसाहेब गेले, आणि घर सुटल्यानंतर लाभलेले हे दुसरे छत्रही हरपले.

त्यानंतर काही वर्षांनी, 1860 च्या दशकात, शेषाद्री निजामाच्या मुलखात जालन्याला आले. गावात छावणी होती, कुंडलिकेच्या काठी पेठा होत्या. पण त्यांचे मन रमले ते मुख्यतः मांगवाड्यांत. ज्या वस्तीची सावली टाळायला लहानपणी शिकवतात, तिथे हा ब्राह्मणाचा मुलगा जाऊन बसू लागला. नव्या ख्रिस्ती कुटुंबांना गावात थारा मिळेना, म्हणून सालारजंगांच्या कारकिर्दीत निजाम सरकारकडून जमीन मिळवून त्यांनी जालन्याजवळ एक गावच वसवले. शेती, शाळा, प्रार्थनामंदिर, सारे तिथे उभे केले. धर्मांतराबद्दल ज्याचे त्याचे मत काहीही असो, ज्यांना गावकुसाबाहेर ठेवले त्यांना स्वतःचे गाव मिळाले, ही गोष्ट मी लहान मानत नाही.

1873 साली न्यूयॉर्कला प्रॉटेस्टंट पंथांची मोठी परिषद भरली, तेव्हा जालन्याचे हे पाळक तिथे बोलले. धर्म बदलला तरी पागोटे मात्र त्यांनी सोडले नव्हते. 1891 साली बोटीच्या प्रवासात, समुद्रावरच त्यांचा अंत झाला.

जालन्याजवळच्या आपल्या गावाला त्यांनी ‘बेथेल’ हे नाव दिले होते. अकरा वर्षांच्या उमेदवारीत ते जी हिब्रू शिकले, तिच्यातला हा शब्द. ‘बेथ’ म्हणजे घर, आणि ‘एल’ म्हणजे देव.