अंगावर उठणारें पित्त : एका नांवाचा इतिहास

रोगाला नांव मिळालें म्हणजे त्याचें कारणही हातीं आलें, असें आपण सहज धरून चालतों. अंगावर पित्त उठण्याच्या विकाराचा इतिहास मात्र या समजुतीस आधार देत नाहीं.

माधवकराच्या निदानग्रंथांत शीतपित्त, उदर्द व कोठ यांना स्वतंत्र प्रकरण आहे. गांधीलमाशी चावल्यासारख्या गांधी, कंड आणि टोचणी हें त्यांतील वर्णन आजच्या रोग्यासही तंतोतंत पटेल. थंड वाऱ्याच्या स्पर्शानें कुपित झालेले कफ व वात पित्ताशीं मिळतात, अशी त्याची मीमांसा. युरोपांत १७६९ सालीं विल्यम कलेन यानें, स्पर्श होतांच अंगाची आग करणाऱ्या एका वनस्पतीच्या लॅटिन नांवावरून ‘अर्टिकेरिया’ ही संज्ञा योजिली. ती केवळ साम्यावर बेतलेली होती.

पुढें गांधी उठते कशी, तें उलगडत गेलें. पॉल एर्लिख यानें १८७८ सालीं मास्ट पेशींचें वर्णन केलें. त्यांत सांठलेलें हिस्टामीन त्वचेंत सुटलें कीं गांधी उठते, हें आज आपणांस ठाऊक आहे. १९३७ सालीं पॅरिसमध्यें दानिएल बोव्हे व आन-मारी स्टाउब यांनीं हिस्टामीनास अडविणारें पहिलें द्रव्य शोधिलें. त्या जातीचीं औषधें आजही पहिला उपाय होत.

परंतु कोठार उघडतो कोण? सहा आठवड्यांहून अधिक काळ गांधी उठत राहिल्या, तर बहुधा बाहेरचें कारण सांपडतच नाहीं. एकेक गांधी चोवीस तासांच्या आंत मावळते. वैद्यापुढें जावें तों अंग निर्मळ! मग संशय रोग्याच्या ताटावर, नाहीं तर त्याच्या मनावर. १९९३ सालीं लंडनमधील संशोधकांनीं दाखविलें कीं, कांहीं रोग्यांच्या रक्तांतील प्रतिपिंडेंच स्वतःच्या मास्ट पेशींना चेतवितात. २०१४ पासून ओमॅलिझुमॅब हें टोंचून घ्यावयाचें औषधही उपलब्ध झालें. तरी अनेकांचें मूळ कारण अज्ञातच आहे.

म्हणून अशा विकारास आतां ‘स्वयंस्फूर्त’ म्हणतात. या नांवांत अज्ञानाची प्रांजळ कबुली आहे, आणि तीच रोग्याच्या उपयोगाची. आज वांगें बंद, उद्यां दहीं बंद, अशी पुराव्यावांचून एकेक वाटी ताटांतून उचलणाऱ्या घरच्या मंडळींनीं ती ध्यानांत घ्यावी. कारण सांपडलें नाहीं, एवढ्यावरून रोगी अपराधी ठरत नाहीं.