खाडीकाठचे मीटर

न्हाव्याच्या किनाऱ्यावर पश्चिमेकडे तोंड करून उभं राहिलं की समोर घारापुरीची टेकडी दिसते आणि उजव्या हाताला, पाण्यापलीकडे, ट्रॉम्बेचा किनारा. या दोन काठांमध्ये पाण्याचं अंतर फार नाही, काळाचं मात्र बरंच होतं. १९५०च्या दशकात पलीकडे अणुभट्टीचं काम सुरू झालं तेव्हा अलीकडे मिठागरं, भातशेती आणि कोळ्यांच्या होड्या होत्या. मधल्या घारापुरीला तर महावितरणची वीज पोचायला फेब्रुवारी २०१८ उजाडला. समुद्राच्या तळातून साडेसात किलोमीटरची केबल टाकल्यावर तिथे घराघरांत मीटर फिरू लागले.

वीज मोजणाऱ्या यंत्रांचा या भागातला इतिहास याच पाण्याभोवती घडला.

ट्रॉम्बेची अणुऊर्जा संस्था १९५४ साली सुरू झाली आणि ४ ऑगस्ट १९५६ रोजी 'अप्सरा' ही अणुभट्टी कार्यान्वित झाली. तिचं इंधन ब्रिटनमधून आलं, पण नियंत्रणाची इलेक्ट्रॉनिक यंत्रणा मुंबईतच तयार झाली. संस्थेचे इलेक्ट्रॉनिक्स तज्ज्ञ ए. एस. राव यांच्या हाताखालच्या तरुण अभियंत्यांनी ती जुळवली. असं काम करायचं तर प्रत्येक जोडणीवर व्होल्ट किती, करंट किती, रोध किती हे पुन्हा पुन्हा तपासावं लागतं. त्या काळी त्यासाठी जगभर ज्याच्याकडे हात जायचा तो मीटर म्हणजे 'ॲव्हो'.

ॲव्होची गोष्ट सांगण्यासारखी आहे. डोनाल्ड मकेडी हे ब्रिटिश टपाल खात्यातले अभियंता. टेलिफोनच्या तारा तपासायच्या तर अँपिअर, व्होल्ट आणि ओहम यांसाठी वेगवेगळी यंत्रं वाहून न्यावी लागत. मकेडींनी तिन्ही मापं एका पेटीत बसवली. १९२३ साली ती बाजारात आली आणि तिन्ही एककांची आद्याक्षरं हेच तिचं नाव झालं. १९५१ साली निघालेलं तिचं आठव्या क्रमांकाचं मॉडेल २००८पर्यंत बनत राहिलं. एखादं मोजमापाचं यंत्र अर्धशतकाहून जास्त काळ बनत राहतं तेव्हा त्याची दुरुस्ती हाही एक कायमचा धंदा होतो. काट्याच्या मीटरची दुरुस्ती म्हणजे जवळपास घड्याळजीचं काम. केसासारखी स्प्रिंग, सुईच्या टोकाएवढा पिव्हट, त्याखाली रत्नाची बैठक. काटा अडकतोय का, शून्यावर परत येतोय का, हे डोळ्यांनी आणि बोटांनी कळायचं. मीटर आकडे किती वेगानं बाहेर पाठवतो, हा प्रश्न तेव्हा कुणाच्या मनातही येण्याचं कारण नव्हतं. मीटर आणि वही यांच्यामधली तार म्हणजे माणूस.

महाराष्ट्रातला ओळखीचा काट्याचा मीटर मोटवानींचा. या घराण्याचा उद्योग १९०९ साली सिंधमधल्या सक्करला सुरू झाला आणि कराचीमार्गे मुंबईत आला. 'शिकागो रेडिओ' या नावाचे त्यांचे ध्वनिक्षेपक काँग्रेसच्या सभांमध्ये असत. १९४२च्या आंदोलनात उषा मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईत गुप्त काँग्रेस रेडिओ चालवला, त्या खटल्यात नानिक मोटवानींनाही अटक झाली होती आणि पुढे ते निर्दोष सुटले. याच घराण्याचा मीटरचा कारखाना नाशिकरोडला उभा राहिला. इलेक्ट्रिशियनच्या खांद्याला अडकवलेली ती जाडजूड काळी पेटी एका पिढीला चांगली आठवत असेल. सभेचा आवाज वाढवणाऱ्या आणि तारेतली वीज मोजणाऱ्या यंत्रांचं माहेर एकच असावं, यात नवल नाही. दोन्हीकडे लागणारी कसबं तीच.

१९६२ हे वर्ष या धंद्यात लक्षात ठेवण्याजोगं. ठाण्यात 'ॲपलॅब' आणि मुंबईत 'मेको' या मोजमापाची यंत्रं बनवणाऱ्या दोन्ही कंपन्या त्याच साली सुरू झाल्या. त्याच वर्षी महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळही स्थापन झालं. मेको पुढे नवी मुंबईत महापेला गेली, म्हणजे खाडीच्या अलीकडच्या बाजूला. १९८२ साली नाशिकला 'रिषभ इन्स्ट्रुमेंट्स' उभी राहिली. तिने २०११ साली पोलंडमधली लुमेल ही मापनयंत्रांची कंपनी विकत घेतली. याउलट ट्रॉम्बेच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागातून जन्मलेली ईसीआयएल ही सरकारी इलेक्ट्रॉनिक्स कंपनी १९६७ साली हैदराबादला वसली. मुंबईच्या हातून तेव्हा एक मोठा कारखाना गेला. उरलं ते छोट्या दुकानांचं जाळं. ग्रँट रोड स्टेशनालगतचा लॅमिंग्टन रोड, ज्याचं अधिकृत नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, हा त्या जाळ्याचा मध्य. रेझिस्टरपासून पिक्चर ट्यूबपर्यंत सगळं तिथे मिळे आणि बिघडलेलं यंत्र उघडून बसणारी माणसंही तिथेच सापडत.

दरम्यान काट्याची जागा आकडा घेत होता. अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या अँड्र्यू के यांनी १९५०च्या दशकात पहिला डिजिटल व्होल्टमीटर बनवला. त्यात रिले खटखटत आणि आकडे उजळत. पुढच्या मीटरांनी मोजण्याची एक सुंदर युक्ती वापरली, आणि दुरुस्ती करणाऱ्याला ती कळल्याशिवाय आजही पुढचं काही कळत नाही. मीटर क्षणभर डोकावून आकडा सांगत नाही. तो येणारा व्होल्टेज ठरावीक वेळ साठवत राहतो आणि मग त्या साठ्यावरून आकडा काढतो. हा वेळ मेन्सच्या एका पूर्ण चक्राइतका धरला की तारांमधून शिरलेली घरगुती विजेची गुणगुण आपोआप खोडली जाते. जेवढी अर्धी लाट वर, तेवढीच अर्धी खाली. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, म्हणून एक चक्र २० मिलिसेकंदांचं. अमेरिकेत ६० हर्ट्झ, तिथे ते १६.७ मिलिसेकंदांचं.

अमेरिकेतून आलेला जुना मीटर इथे टेबलावर ठेवला आणि शेवटचे अंक नाचायला लागले, तर पहिला संशय इथे घ्यायचा. नवे मीटर चालू होताना मेन्सची वारंवारिता स्वतःच ओळखतात. काही जुन्यांना मात्र मागच्या बाजूला छोटा स्विच असतो आणि तो ६०वरच राहिलेला असतो. ११० की २३० व्होल्ट हे निवडण्याचा स्विच पाहायला विसरलं, तर मात्र आकडे नाचण्याइतकं साधं प्रकरण राहत नाही.

खाडीचा अलीकडचा काठ बदलला तो १९८०च्या दशकात. मुंबई बंदरातली गर्दी कमी करण्यासाठी न्हावा शेव्याला नवं बंदर ठरलं. त्यासाठी शेवा गाव उठलं. नवीन शेवा आणि हनुमान कोळीवाडा या वसाहती विस्थापितांच्या. हनुमान कोळीवाड्यातल्या घरांना वाळवीनं पोखरलं आणि तिथल्या लोकांना पुन्हा पुनर्वसनासाठी वर्षानुवर्षं भांडावं लागलं. नवी मुंबईच्या भूसंपादनाविरुद्ध दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली जानेवारी १९८४मध्ये उरण तालुक्यात झालेल्या शेतकरी आंदोलनात गोळीबार होऊन पाच जणांचा जीव गेला. या बंदराबद्दल लिहिताना ती नोंद वगळून पुढे जाणं बरोबर नाही. २६ मे १९८९ रोजी जवाहरलाल नेहरू बंदर सुरू झालं.

बंदर म्हणजे विजेचं मोठं गाव. क्रेन विजेवर चालतात, आणि मासे, फळं, औषधं नेणारे शीतकंटेनर यार्डात उभे असताना त्यांना थ्री-फेज प्लगमधून सतत वीज लागते. प्रत्येक पाळीच्या इलेक्ट्रिशियनकडे हातातला मल्टिमीटर असतोच. जहाजावरचीही तीच गरज. न्हाव्यातच १९१०पासून 'ट्रेनिंग शिप रहमान' ही खलाशांना शिकवणारी संस्था आहे, म्हणजे बंदराच्या कितीतरी आधीपासून. तिच्या पहिल्या तुकड्यांचा विजेशी फारसा संबंध आला नसेल. आज जहाजावर इलेक्ट्रो-टेक्निकल ऑफिसर हे वेगळं पद आहे. खलाशांच्या प्रशिक्षणाविषयीच्या आंतरराष्ट्रीय कराराला २०१० साली झालेल्या मनिला दुरुस्त्यांनी त्याला मान्यता दिली.

हातातला मीटर बिघाड शोधतो. पण कार्डं दुरुस्त करायची, सेन्सर तपासायचे, दहा तास एखाद्या भागाचं वागणं नोंदवायचं, तर टेबलावरचा मीटर लागतो आणि त्याला संगणकाशी बोलता यावं लागतं. या बोलण्याची पहिली चांगली भाषा ह्यूलेट-पॅकार्ड कंपनीत घडली आणि १९७५ साली ती आयईईई-४८८ या नावानं मानक झाली. जीपीआयबी म्हणून ती ओळखली जाते. जाड केबल, आठ तारांवर एकदम आठ बिट, एका साखळीत जास्तीत जास्त पंधरा यंत्रं. तिची एक खोड अशी की, ऐकणाऱ्यांतला सगळ्यात हळू जो असेल त्यानं 'मिळालं' म्हटल्याशिवाय बोलणारा पुढचं अक्षर टाकत नाही. त्यामुळे साखळीतलं एक आजारी यंत्र सगळ्यांचा वेग खाली आणतं. वेग पडल्याची तक्रार आली की जाणता कारागीर संशयित मीटर उघडण्याआधी बाकीची यंत्रं एकेक करून साखळीतून काढतो.

१९९१ साली आयातीचे दरवाजे उघडू लागले आणि त्याच वर्षी ह्यूलेट-पॅकार्डनं ३४४०१ए हा साडेसहा अंकी मीटर काढला. जगातल्या असंख्य प्रयोगशाळांत तो अनेक वर्षं टेबलावर होता. त्याच्या मागे जीपीआयबी आणि एका तारेवरून एकेक बिट पाठवणारा आरएस-२३२ असे दोन्ही सॉकेट. या मीटरवर वेगाचा हिशेब कागदावर मांडून पाहता येतो, म्हणून शिकणाऱ्यासाठी तो फार चांगला गुरू आहे.

साडेसहा अंकांच्या नेहमीच्या मापाला तो विजेची दहा चक्रं घेतो. आपल्या विजेवर ते २०० मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाला फार तर पाच मापं. प्रत्येक मापानंतर स्वतःचं शून्य तपासण्याची सवय चालू असेल तर वेळ दुप्पट. चक्राचा पन्नासावा भाग एवढाच वेळ दिला आणि साडेचार अंकांवर समाधान मानलं, की तो सेकंदाला हजार मापं काढतो. जीपीआयबीवरून ती हजारच्या हजार बाहेर पडतात. आरएस-२३२वर मात्र सेकंदाला ९६०० बिट हा सर्वात जास्त दर. एक माप म्हणजे सोळा-सतरा अक्षरं आणि सुरुवातीचा बिट, पॅरिटी, दोन थांबे धरून प्रत्येक अक्षराला अकरा बिट. भागाकार केला की सेकंदाला पन्नास-पंचावन्न मापं येतात. मीटर कितीही चपळ असो, त्या तारेतून यापेक्षा जास्त जाणार नाही.

तपासणी याच हिशेबावर उभी असते. रेंज पक्की करायची, डिस्प्ले बंद करायचा, हजार मापं मागवायची, घड्याळ लावायचं. उत्तर हिशेबाजवळ आलं तर मीटर निरोगी आहे. हळू मापाला हळू तार म्हणून दोष देणं ही यातली सगळ्यात नेहमीची चूक. सेकंदाला पाचच मापं येत असतील तर केबल बदलून काही होणार नाही. तो मीटर काळजीपूर्वक मोजतोय. अर्धवट अक्षरं, कचरा, मध्येच थांबणं अशी लक्षणं दिसली तर मग तारेकडे वळायचं. या मीटरला आरएस-२३२च्या डीटीआर आणि डीएसआर या दोन तारांच्या जोडीचा होकार लागतो, तीन तारांची साधी केबल लावली की तो गप्प बसतो. मीटर मेला म्हणून समजलं जातं आणि दोष दहा रुपयांच्या तारेत निघतो.

उरण-पनवेलच्या हवेत मीठ आहे आणि पावसाळ्यात ओल. साडेसहा अंकी मीटरच्या इनपुटपाशी बोर्डावर बसलेला खारट, ओलसर थर प्रचंड रोधातूनही थोडा करंट झिरपवतो आणि शेवटचे अंक भरकटतात. भाग बदलण्याआधी आयसोप्रोपाइल अल्कोहोलनं धुणं आणि नीट वाळवणं, एवढ्यानेही कित्येकदा भागतं. मोजणारा भाग जमिनीपासून विद्युतदृष्ट्या वेगळा ठेवलेला असतो आणि आकडे बहुधा प्रकाशाच्या छोट्या पुलावरून, म्हणजे ऑप्टोकप्लरमधून, पलीकडे जातात. वयानुसार त्यातला दिवा मंदावतो. मग काचेवर माप बरोबर दिसतं आणि संगणकावर चुका येतात.

जुन्या यंत्रांची आयात हा या बंदराच्या गोष्टीतला नाजूक भाग. वापरलेल्या मालाची किंमत आणि उरलेलं आयुष्य ठरवायला कस्टम्स चार्टर्ड इंजिनिअरचा दाखला मागतं. ई-कचऱ्याचे पहिले स्वतंत्र नियम देशात १ मे २०१२पासून लागू झाले. भंगाराच्या आड जुने संगणक दडवून आणण्याचे प्रकार न्हावा शेव्याला पकडले गेले आहेत. दुरुस्त होऊ शकणारा मीटर आणि फेकून दिलेला मीटर बाहेरून सारखेच दिसतात. फरक सांगायला उघडून पाहणारा माणूस लागतो, म्हणून ही कला टिकणं या बंदराच्या मुलखाला इतर कुठल्याही गावापेक्षा जास्त गरजेचं आहे.

या कलेसाठी ह्यूलेट-पॅकार्डच्या ३४७८ए या १९८०च्या दशकातल्या मीटरचं उदाहरण घ्यावं. त्याचं कॅलिब्रेशन, म्हणजे प्रत्येक रेंजमधली बारीक दुरुस्ती, एका छोट्या मेमरीत असतं आणि ती मेमरी जिवंत ठेवते तीन व्होल्टची लिथियम बॅटरी. बॅटरी संपली, किंवा कुणी निष्काळजीपणे काढली, तर मीटर चालू होतो पण त्याचे आकडे विश्वासाचे राहत नाहीत. मग तो महागड्या संदर्भयंत्रांसमोर पुन्हा बसवावा लागतो. हे टाळण्याचा रस्ता त्याच जाड केबलमधून जातो. बॅटरीला हात लावण्याआधी जीपीआयबीवरून त्या मेमरीतल्या २५६ जागा एकेक करून वाचायच्या आणि संगणकात जपून ठेवायच्या. दोनदा वाचायच्या, दोन्ही प्रती जुळवायच्या. मग नवी बॅटरी टाकायची, समोरचा कॅलिब्रेशनचा स्विच फिरवायचा, २५६ आकडे परत लिहायचे आणि स्विच लगेच मूळ जागी आणायचा. शेवटी ज्ञात व्होल्टेजवर ताडून पाहायचं. चाळीस वर्षांपूर्वी कुठल्या तरी कारखान्यात कुणी तरी बारकाईनं बसवलेली मापं तोवर पुन्हा आपल्या जागी पोचलेली असतात.