सव्वापट अब्रू

पैसे आकड्यात लिहिता येतात, अब्रू येत नाही. इंग्रजी पत्रात एखाद्याची अब्रू लिहायची तर विशेषण शोधावं लागतं, आणि तिथली विशेषणं शिंप्याच्या टेपसारखी मापाची! रेप्युटेशन ‘ग्रेट’ चालतं, ‘हाय’ चालतं, ‘वाइड’सुद्धा चालतं, पण ‘टॉल’ लिहा, वाचणाऱ्याच्या कपाळाला आठी पडलीच. का? तर कानाला बरं लागत नाही. ताळेबंदात असं कारण देऊन बघा बरं!

गंमत अशी की ‘ग्रेट’चा जुन्या इंग्रजीतला अर्थ जाड, भरड असा होता. हसू नका, आपला ‘थोर’ही संस्कृतातल्या ‘स्थूल’चाच भाऊबंद. म्हणजे थोर पुरुष मुळात अंगानं भरलेलाच! अकबर या शब्दातच मोठेपणा आहे. त्याला इंग्रजांनी पुन्हा ‘द ग्रेट’ लावलं. हे झालं चक्रवाढ व्याज. थोरल्या बाजीरावांचं ‘थोरले’पण मात्र वयाचं. पुढं दुसरे बाजीराव निघाले, म्हणून पहिले थोरले.

माझ्यासारख्या बी.कॉम. माणसाला खरा पटतो तो ‘सवाई’. सवाई जयसिंग, सवाई माधवराव, सवाई गंधर्व. सव्वापट, म्हणजे चोख एकशेपंचवीस टक्के! इंग्रजीत याला काय म्हणणार? ‘वन अँड अ क्वार्टर माधवराव’? छे! हे तर दुधाचं माप झालं.

आता आमचं साखरखेर्डा घ्या. शाखेच्या माहितीपत्रकात साहेबांनी त्याला ‘स्मॉल व्हिलेज’ लिहिलं. लोकसंख्येनं असेलही. पण ऑक्टोबर १७२४ मध्ये याच शिवारात निजाम-उल-मुल्कनं मुबारिझखानाला हरवलं. खान पडला, त्याचं शीर दिल्लीला गेलं, आणि दिल्लीचा दख्खनवरचा हुकूम नावापुरता उरला. हैदराबादची निजामशाही इथून धरतात, ती थेट १९४८ पर्यंत. सव्वादोनशे वर्षांचं राज्य ज्या गावात सुरू झालं, ते ‘स्मॉल’? मी नुसतं ‘व्हिलेज’ ठेवा म्हटलं. साहेब म्हणाले, “देशपांडे, इतिहासाला कॉलम नाही.”

जिंकणाऱ्यानं गावाचं नावही मोठं केलं होतं: फतेहखेर्डा, म्हणजे विजयाचं गाव. हे नाव बराच काळ कागदोपत्री चाललं. लोकांनी मात्र फतेह कागदावरच ठेवली आणि तोंडात साखर. एसटीच्या पाटीवर आजही तेच आहे: साखरखेर्डा.