नडग्यांवरचं पालथं

तळोद्याला मावशीच्या न्हाणीत मी ते पहिल्यांदा नीट पाहिलं. मावशी पाटावर बसलेली, लुगडं गुडघ्यांवर सावरलेलं, पाय समोर लांब सोडलेले. सव्वा महिन्याची नात नडग्यांवर, डोकं पावलांकडे. आधी उताणी, छाती, पोट, मग दोन्ही हात छातीवर फुलीसारखे आडवे. मग एक पंजा मानेखाली, दुसरा कुल्ल्यांखाली, आणि बघता बघता ती पालथी. दोन नडग्यांमध्ये जी पन्हळ तयार होते तिच्यात नाक-तोंड मोकळं राहील असा चेहरा एका अंगाला. पाठीवर तेलाचा हात फिरू लागला तसं पोरीनं कपाळ उचललं. मान लटपटली, गाल पुन्हा टेकला. परत उचललं. "मान धरायला शिकतेय ती," मावशी म्हणाली.

आज बालरोगतज्ज्ञ ज्याला 'टमी टाइम' म्हणतात, तो आपल्या घरांत असा न्हाणीघरात होता. त्याला वेगळं नाव नव्हतं, कारण तो वेगळा काढलेलाच नव्हता.

शब्द मात्र होता, आणि तो जुना आहे. संस्कृतातला 'पर्यस्त', म्हणजे उलटा पडलेला; प्राकृतात तो 'पल्लत्थ' झाला आणि मराठीत 'पालथा'. घडा पालथा असतो, तळहात पालथा असतो, हरवलेल्या माणसासाठी आपण गाव पालथं घालतो. नवापूरची वेस ओलांडून गुजरातेत गेलं की हाच अर्थ 'ऊंधुं' या शब्दात भेटतो. मडकं उलटं ठेवून शिजवतात ते उंधियु त्यावरूनच. बाळाच्या बाबतीत मराठीनं दोन क्रियापदं वेगळी ठेवली आहेत, आणि मला ती फार मोलाची वाटतात. बाळ पालथं 'पडतं' ते स्वतःहून, चौथ्या ते सहाव्या महिन्याच्या आसपास. पालथं 'घालतो' ते आपण, पहिल्या दिवसांपासून. पडण्याआधीचे ते महिने घालण्याचे असतात.

पडण्याचं कौतुक तर भागवतातही आहे. दहाव्या स्कंधात कृष्णानं कूस बदलली म्हणून यशोदेनं 'औत्थानिक' सोहळा मांडला. त्याच दिवशी गाड्याखाली निजवलेल्या बाळाच्या लाथेनं तो गाडा उलटला. कथेतली लाथ देवाची असेल, पण कूस वळण्याचा सण करणारी ती आई कुठल्याही घरातली आहे.

'टमी टाइम' या इंग्रजी नावाचा जन्म मात्र अलीकडचा, आणि त्यामागे मोठं दुःख आहे. अमेरिकेत डॉ. बेंजामिन स्पॉक यांचं बालसंगोपनाचं पुस्तक घरोघरी होतं. पन्नाशीच्या दशकातल्या आवृत्तीपासून त्यांनी बाळाला पालथं निजवावं असा सल्ला दिला. कारणं दोन: उताणं बाळ उलटी झाली तर गुदमरेल, आणि सतत एकाच अंगाला डोकं ठेवून ते चपटं होईल. दोन्ही कारणं ऐकायला पटणारी. पण पालथी निजलेली बाळं झोपेतच अचानक दगावण्याचं प्रमाण जास्त होतं. २००५ मध्ये जुने अभ्यास एकत्र तपासले गेले, तेव्हा दिसलं की हा धोका १९७० पर्यंतच ओळखता आला असता. तरी पुस्तकं १९८८ पर्यंत पालथ्या झोपेची शिफारस करत राहिली. त्या वर्षांतली हजारो बाळं वाचू शकली असती. हे वाचताना माझा हात थांबला होता. सल्ला प्रेमानं दिलेला होता, आयांनी तो प्रेमानंच पाळला होता.

ब्रिटनमध्ये पीटर फ्लेमिंग यांच्या एव्हन परगण्यातल्या अभ्यासानंतर १९९१ च्या अखेरीस बाळाला उताणं निजवण्याची मोहीम सुरू झाली. अमेरिकेत बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं १९९२ मध्ये सल्ला बदलला आणि १९९४ मध्ये 'बॅक टू स्लीप' मोहीम निघाली. पुढच्या दशकात तिथले असे मृत्यू निम्म्याहून कमी झाले. पण दिवसरात्र पाठीवर असलेल्या बाळांची डोकी मागून चपटी दिसू लागली. मग डॉक्टर सांगू लागले: झोपताना पाठीवर, जागेपणी पोटावर. या दुसऱ्या अर्ध्या वाक्याला 'टमी टाइम' हे नाव मिळालं.

इथे मला राईची उशी आठवते. आपल्याकडे बाळं बहुतेक उताणीच निजत आली, म्हणून चपट्या डोक्याची काळजी आपल्या आज्यांना आधीपासून होती. मऊ कापडात राई भरून शिवलेली ती छोटी उशी त्यासाठीच. आता तान्ह्याच्या झोपेत उशीच नको असं सांगतात आणि ते मानावं. डोकं गोल राहायला जागेपणी पालथं घालणं आणि निजताना मान आलटून-पालटून वळवणं पुरतं. उशीमागची काळजी बरोबर होती, उपाय बदलला.

सातपुड्यात आणखी एक गोष्ट आहे, झोळी. धडगाव, अक्कलकुव्याकडे झाडाच्या फांदीला लुगडं बांधून त्यात बाळ निजवलेलं असतं. आई राबत असताना याहून चांगली सोय कुठली? नंदुरबारची कितीतरी कुटुंबं दिवाळीनंतर दक्षिण गुजरातेत ऊसतोडीला जातात. तिथे फडाच्या कडेला झोळी असते, पण पाय पसरून बसायला पाट नसतो, न्हाऊ घालणारी आजी गावी राहिलेली असते. बाळाचा सगळा दिवस झोळीच्या खोलगट बाकात जातो. पालथं घालण्याची वेळ हरवते ती अशी, नुसत्या अडाणीपणाने नव्हे.

त्या आईला सांगण्यासारखं आहे ते थोडंच. सर्वांत सोपी जागा तिची स्वतःची छाती. जरा मागे रेलून बाळ पोटाशी पोट लावून ठेवलं की तेही पालथंच. १९७८ मध्ये कोलंबियातल्या बोगोटा शहरात डॉ. एडगर रे यांनी कमी वजनाच्या बाळांना आईच्या छातीशी असंच बांधायला सुरुवात केली, तीच आजची कांगारू पद्धत. जमिनीवर घालायचं तर सपाट, घट्ट अंथरूण. गोधडीची जाड घडी नको, कारण तिच्यात नाक रुततं. पाजल्यावर लगेच नको. सुरुवातीला दिवसातून दोन-तीनदा, तीन ते पाच मिनिटं पुरे. रडायला लागलं की उचलायचं. जागतिक आरोग्य संघटना २०१९ पासून सांगते की रांगू न लागलेल्या बाळाचा असा वेळ दिवसभरात मिळून किमान अर्धा तास व्हावा. आणि सगळ्यांत महत्त्वाचं, कुणाची तरी नजर बाळावर असलीच पाहिजे. नडग्यांवरच्या न्हाणात ती नजर आपोआप होती. पालथ्या बाळाच्या पाठीवर सतत एक हात होता.

त्या न्हाणातलं सगळंच राखावं असं मात्र मी म्हणणार नाही. नाकाकानात तेल सोडणं, तान्ह्याची छाती पिळणं, पाय धरून उलटं टांगणं हे थांबलं पाहिजे. तेलानं अंग निसरडं असतं, डोक्यावरून ओतलेलं पाणी नाकात जाऊ शकतं. मावशी पाणी मानेच्या खालीच ओतायची, तळहाताचा बांध घालून.

त्या दिवशी न्हाऊन झाल्यावर पोरीला टॉवेलात गुंडाळून ओट्यावर आणलं. सतरंजीवर पुन्हा जरा पालथी घातली. तिनं दोनदा डोकं उचललं, एक मूठ चोखली, आणि तिसऱ्यांदा गाल टेकला तो टेकलाच. डोळे मिटले होते. मावशी लुगड्याला हात पुसत आली, तिला अलगद उताणी केली आणि शेजारी बसून राहिली.