किल्लारीनंतरची झोप

लातूर आणि नांदेड जिल्ह्यांत झोपेची तक्रार फार काळ आजारांत धरली जात नसे. झोप लागत नाही म्हणजे डोक्याला काळजी आहे, घोरतो म्हणजे गाढ झोपला आहे, आणि लेकरू रात्री किंचाळून उठले तर त्याची दृष्ट काढायची, अशी सर्वसाधारण समजूत असे. वैद्यकाच्या जुन्या ग्रंथांनी मात्र झोपेकडे बारकाईने पाहिले होते. चरकसंहितेत आहार आणि ब्रह्मचर्याच्या बरोबरीने निद्रा हा शरीराचा आधारस्तंभ आहे. सुश्रुतसंहिता अतिस्थूल माणसाला थोड्या श्रमाने लागणारी धाप आणि त्याची अतिनिद्रा एकत्र नोंदवते.

या भागात झोप हा सगळ्या गावाचा प्रश्न झाला तो १९९३ साली. अनंत चतुर्दशीचे विसर्जन उरकून लोक उशिरा निजले होते. ३० सप्टेंबरला पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी भूकंप झाला आणि औसा तालुक्यातील किल्लारी, लगतच्या उस्मानाबाद (आताच्या धाराशिव) जिल्ह्यातील सास्तूर आणि आसपासची गावे क्षणात ढासळली. दगड-मातीच्या जाड भिंती, वर लाकडी तुळया आणि त्यांवर मातीचा भारी थर, असे इथले माळवदाचे घर. उन्हाळ्यात गारवा देणारे हेच घर झोपलेल्या माणसांवर कोसळले. सुमारे १०,००० माणसे गेली. त्यातली सर्वांत बोचरी गोष्ट अशी, की आदल्या वर्षी, १९९२ च्या ऑक्टोबरपासून किल्लारीला धक्के बसत होते. तेव्हा लोक काही काळ घराबाहेर निजले, आणि धक्के ओसरल्यावर पुन्हा आत गेले.

वाचलेल्यांसाठी त्यानंतर घर आणि झोप या दोन गोष्टी एकत्र नांदेनाशा झाल्या. पत्र्याच्या शेडमध्ये दिवस काढताना झोप न लागणे, जरा आवाज झाला की दचकून उठणे, तेच ढिगारे पुन्हा पुन्हा स्वप्नात दिसणे, ही लक्षणे आपत्तीतून वाचलेल्यांत जगभर आढळतात, तशीच इथेही आढळली. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या वतीने भूकंपाच्या मानसिक परिणामांचा अभ्यास झाला. त्याचे महाराष्ट्रातील नेतृत्व मनोविकारतज्ज्ञ डॉ. मोहन आगाशे यांनी केले. आघातानंतर उरणाऱ्या या विकाराला अमेरिकन मनोविकार संघटनेच्या वर्गीकरणात १९८० मध्येच स्वतंत्र स्थान मिळाले होते, आणि भंगलेली झोप व दुःस्वप्ने ही त्याची ठळक खूण आहे.

अशा विकाराचे निदान यंत्राने होत नाही, नीट विचारपूस करून होते. दुःस्वप्नातून उठलेला माणूस लगेच पूर्ण जागा होतो आणि काय दिसले ते सांगू शकतो. लहान मुलांत दिसणारा रात्रीचा भयझटका वेगळा असतो. मूल गाढ झोपेतून किंचाळत उठते, समजूत काढली तरी ओळख देत नाही, आणि सकाळी त्याला काहीच आठवत नाही. निद्रानाश ठरवताना आठवड्यातून निदान तीन रात्री आणि तीन महिने तक्रार टिकली का, हे पाहतात. किती वाजता पाठ टेकली, कधी झोप लागली, कितीदा जाग आली, याची एक-दोन आठवड्यांची रोजनिशी रुग्णाकडून लिहून घेतात. संध्याकाळी पाठ टेकताच पायांत वळवळ सुरू होते आणि चालले की बरे वाटते, असे कुणी सांगितले तर रक्तातील लोहसाठा तपासतात. अशक्त, रक्त कमी असलेल्या बायकांच्या बाबतीत ही तपासणी चुकवू नये. पाय चेपून घेऊन हा त्रास मुळातून जात नाही.

घोरण्याकडे गांभीर्याने पाहायला आणखी वेळ लागला. झोपेत घशाची वाट मिटून श्वास थांबण्याच्या विकाराची ओळख जगाला १९६५ च्या सुमारास झाली, आणि त्यावर दाबाने हवा देणारे सीपॅप यंत्र ऑस्ट्रेलियाच्या कॉलिन सलिव्हन यांनी १९८१ मध्ये मांडले. मुंबईत डॉ. झरीर उदवाडिया आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात मध्यमवयीन शहरी पुरुषांपैकी ७.५ टक्क्यांना लक्षणांसह हा विकार असल्याचा अंदाज निघाला. निदानाचा पहिला साक्षीदार शेजारी निजणारे माणूसच असते. घोरता घोरता आवाज एकदम बंद पडतो, काही सेकंद छाती-पोट हलते पण हवा आत जात नाही, मग गुदमरल्यासारखा मोठा श्वास येतो, हे बायको जितके अचूक सांगते तितके रुग्ण सांगू शकत नाही. नक्की निदान पॉलिसोम्नोग्राफीने होते. रात्रभर मेंदूच्या लहरी, डोळ्यांची हालचाल, श्वास, हृदयाचे ठोके आणि रक्तातील ऑक्सिजन नोंदला जातो. तासाला पाच किंवा जास्त वेळा श्वास किमान १० सेकंद अडला वा मंदावला तर विकार धरतात, आणि ३० च्या पुढे तो तीव्र मानतात.

विशेषज्ञांची सोय मराठवाड्यात टप्प्याटप्प्याने आली. अंबाजोगाईचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९७४ चे, नांदेडचे १९८८ चे, तर लातूरचे २००२ चे. दरम्यानच्या काळात लातूरच्या राजर्षी शाहू महाविद्यालयातून पुढे आलेल्या, परीक्षेच्या तयारीच्या ‘लातूर पॅटर्न’मुळे लातूर आणि मागोमाग नांदेड ही प्रवेशपरीक्षांची केंद्रे झाली. इथे वर्गात पेंगणारा विद्यार्थी बहुधा झोप कमी पडल्याने पेंगतो. पुरेशी झोप देऊनही पेंग जात नसेल, हसताना गुडघे लटके पडत असतील, तर नार्कोलेप्सीची शंका घ्यावी लागते. तेव्हा रात्रीच्या नोंदीनंतर दिवसा दोन-दोन तासांच्या अंतराने चार-पाच वेळा झोपायला लावून झोप किती मिनिटांत लागते हे मोजतात. सरासरी आठ मिनिटे किंवा कमी भरली आणि निदान दोनदा स्वप्नाची झोप लवकर आली, तर निदान पक्के होते.